बटण दाबलं एक, लागलं दुसरंच: हातातल्या टचस्क्रीन यंत्रावर चुकणाऱ्या स्पर्शाचं निवारण

हातात धरून वापरायच्या छोट्या यंत्रांबद्दल एक तक्रार वारंवार येते, आणि ती नेहमी एकाच वाक्यात येते: 'टच नीट चालत नाही.' खोदून विचारलं की तिचे तीन प्रकार निघतात. दाबलं तरी काही होत नाही. दाबलं एक आणि लागलं शेजारचं. किंवा न दाबताच काहीतरी उघडलं. यावर बहुतेक ठिकाणी संवेदनशीलता वाढवली जाते, नाहीतर कोडमध्ये दोनशे मिलिसेकंदांचा थांबा घातला जातो. काही दिवस बरं चालतं आणि तक्रार परत येते, कारण मूळ दुखण्याला कुणी हातच लावलेला नसतो.

बोलायला एक ठोस यंत्र घेऊ. दूध संकलन केंद्रावर नोंदी करायचं हातातलं यंत्र. २.८ इंची पडदा, ३२० बाय २४० पिक्सेल, त्याला चित्र काढणारी आयएलआय ९३४१ ही कंट्रोलर चिप. वर रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबानं चालणारं, टच पॅनेल आणि ते वाचायला एक्सपीटी २०४६ ही चिप. आत ईएसपी ३२ हा मायक्रोकंट्रोलर, आणि पडद्यावरची बटणं एलव्हीजीएल या तयार कोडच्या लायब्ररीनं काढलेली. ही जोडी स्वस्त आणि सहज मिळणारी, म्हणून छोट्या उद्योगांत ती फार दिसते. वापरणारा पहाटे रांगेसमोर उभा असतो. डाव्या हातात यंत्र, उजवा हात किटल्या आणि मापात ओला. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून इतर घन घटक), सगळं डाव्या अंगठ्यानं भरायचं आणि खाली 'सेव्ह' दाबायचं. इथे चुकलेला स्पर्श थेट शेतकऱ्याच्या पावतीवर उतरतो. म्हणून 'चालतंय की' म्हणून हा विषय सोडून देता येत नाही.

आधी ठिपका दाखवा

दुरुस्तीला हात लावण्याआधी एक चाचणी पडदा तयार करा. त्यावर बटण नको, मेनू नको. जिथे स्पर्श वाचला तिथे एक ठिपका उमटला पाहिजे, तो पुसला जाता कामा नये, आणि कोपऱ्यात तीन आकडे दिसले पाहिजेत: चिपकडून आलेलं कच्चं एक्स, कच्चं वाय आणि दाब. पडद्यावर पाच फुल्या काढा, चार कोपऱ्यांजवळ आणि एक मध्यभागी. प्रत्येक फुलीवर बोट टेकवून दोन सेकंद धरून ठेवा.

निम्मं निदान इथेच होतं. ठिपके एका जागी घट्ट बसले पण फुलीपासून लांब पडले, तर दोष कॅलिब्रेशनचा, म्हणजे कच्चे आकडे पडद्यावरच्या जागेशी जुळवण्याचा. ठिपके फुलीभोवती विखुरले, तर दोष वाचनाचा किंवा दाबाचा. बोट नसतानाही ठिपके पडत असतील, तर यांत्रिक किंवा विजेचा. आणि ठिपके अगदी फुलीवर बसत असतील तर हार्डवेअरला दोष देणं थांबवा. गडबड तुमच्या बटणांच्या मांडणीत किंवा कोडमध्ये आहे. अँड्रॉइड टॅबलेटवर काम करत असाल तर हा पडदा लिहायचीही गरज नाही. डेव्हलपर पर्यायांत स्पर्श दाखवण्याची आणि पॉइंटरचं स्थान दाखवण्याची सोय असते, ती चालू करा.

हा पडदा काम झाल्यावर कोडमधून काढू नका. तो विक्रीच्या यंत्रातही राहू द्या. पुढे गावातून फोन आला की 'पाच फुल्या दाबा आणि फोटो पाठवा' एवढंच सांगावं लागतं.

बोट नसताना ठिपके पडतात

रेझिस्टिव्ह पॅनेल म्हणजे मधे बारीक फट ठेवून बसवलेले दोन वाहक थर. वरचा थर दाबानं खालच्याला टेकला की स्पर्श वाचला जातो. तो बोटानं टेकला की कव्हरनं, हे चिपला कळत नाही. उघड्या बोर्डावर यंत्र उत्तम चालतं आणि कव्हरमध्ये बसवलं की वेडं होतं, अशी तक्रार असेल तर कव्हरचे स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाहा. ठिपके थांबले तर कव्हरची कड पॅनेलच्या काठावर दाबते आहे. तिथे पातळ फोमची पट्टी बसवा किंवा कव्हरची खाच थोडी मोठी करा. कोडमध्ये यावर उपाय नाही. ही गोष्ट मल्टिमीटरवरही दिसते: चिपची इंटरप्ट पिन, म्हणजे स्पर्श झाल्याची वर्दी देणारी पिन, स्पर्श नसताना वर (पूर्ण व्होल्टेजला) असायला हवी; ती कायम खाली दिसली तर कुणीतरी पॅनेल दाबून ठेवलेलं आहे.

कपॅसिटिव्ह, म्हणजे मोबाइलसारख्या दाबाशिवाय बोट ओळखणाऱ्या, पडद्यावर भुताटकी वेगळ्या कारणानं होते. एक म्हणजे चार्जर. स्वस्त, अर्थिंग नसलेल्या चार्जरचा विद्युत गोंगाट यंत्रात शिरतो आणि बोट टेकलं की टच कंट्रोलर गोंधळतो. चार्जर काढून बॅटरीवर तीच कृती करून पाहा. फरक पडला तर उत्तर मिळालं. दुसरं म्हणजे पाणी. पडद्यावरचा थेंबही बोटासारखाच वाचला जाऊ शकतो. ओल्या हातांच्या कामासाठी मी अजूनही रेझिस्टिव्ह पॅनेलच सुचवतो. दिसायला ते जुनाट वाटतं, पण ओलं बोट, रबरी हातमोजा, पेनाचं टोपण, सगळ्याला ते दाद देतं.

ठिपके विखुरतात

पहिली शंका एसपीआयच्या, म्हणजे ईएसपी ३२ ज्या तारांवरून चिपांशी बोलतो त्यांच्या, वेगावर घ्या. पडदा ४० मेगाहर्ट्‌झवर आनंदानं चालतो, पण एक्सपीटी २०४६ ला सुमारे २ ते २.५ मेगाहर्ट्‌झच पेलतो. दोघे एकाच बसवर (त्याच तारांवर) असतील आणि टच वाचताना वेग उतरवला नसेल, तर हाती येतात ते निव्वळ कचरा आकडे. शून्य आणि ४०९५ हे दोन टोकाचे आकडे वारंवार दिसू लागले की आधी इथेच पाहा. टच वाचताना पडद्याची चिप सिलेक्ट पिन वर आहे ना, म्हणजे पडदा तेवढ्यापुरता गप्प आहे ना, तेही तपासा.

दुसरं, चिपला जाणारी आज्ञा. एक्सपीटी २०४६ दोन पद्धतींनी मोजू शकते. डिफरन्शियल पद्धतीत मोजमाप पॅनेलला दिलेल्या व्होल्टेजच्याच प्रमाणात होतं, त्यामुळे तो व्होल्टेज थोडा हलला तरी आकडा हलत नाही. सिंगल एंडेड पद्धतीत तो सरकतो. सकाळी ठिपके बरोबर आणि बॅटरी उतरत गेली तसे बाजूला, असं दिसलं तर आज्ञेतला हा एक बिट तपासा. त्याच आज्ञेतले शेवटचे दोन बिट शून्य ठेवले तरच मोजणी झाल्यावर इंटरप्ट पिन पुन्हा जागी होते. 'पहिला स्पर्श लागतो, मग टच मरतो' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा त्या दोन बिटांत असतं.

कुणी खर्च वाचवायला ही चिप गाळून पॅनेल थेट ईएसपी ३२ च्या पिनांना जोडलं असेल, तर मूळ ईएसपी ३२ मध्ये एडीसी २ (व्होल्टेज मोजणाऱ्या दोन भागांपैकी दुसरा) च्या पिना वाय-फाय चालू असताना वाचता येत नाहीत, हे लक्षात घ्या. वाय-फाय लावल्यावरच टच बंद पडत असेल तर पिना एडीसी १ वर हलवा.

हे सगळं ठीक असूनही थोडं विखुरणं उरतंच, आणि ते दाबामुळे असतं. बोट टेकताना आणि उचलताना काही क्षण दोन थर पुरते टेकलेले नसतात. त्या क्षणांची वाचनं भलतीकडे जातात. दाब मोजायची सोय चिपमध्ये आहे, ती वापरा. ठरावीक दाबाखालचं वाचन घेऊच नका. पाच किंवा सात वाचनं घ्या, चढत्या क्रमानं लावा, मधलं उचला. नुसती सरासरी काढू नका. एक भरकटलेला आकडा सगळ्या सरासरीला ओढून नेतो.

'दाबलं एक आणि लागलं शेजारचं' यातली मोठी भानगड बोट उचलण्याच्या क्षणी घडते. हातानं लिहिलेल्या कोडमध्ये बहुधा बोट उचलल्यावर शेवटचं वाचन पाहून बटण ठरवलं जातं, आणि नेमकं तेच वाचन सर्वांत खराब असतं. बोट उचललं गेल्याचं कळवताना आधीचा शेवटचा चांगला बिंदू कळवायचा, नवा वाचायचा नाही. एलव्हीजीएलच्या ड्रायव्हरलाही हेच अपेक्षित आहे.

ठिपके एका बाजूला सरकलेत

कॅलिब्रेशन दोन बिंदूंवर केलं असेल तर फक्त लांबी-रुंदी आणि सुरुवात जुळते. पॅनेल पडद्यावर किंचित तिरकं चिकटवलेलं असेल, आणि हाताच्या जोडणीत ते असतंच, तर दोन बिंदूंना तो तिरकेपणा कळत नाही. तीन बिंदू घ्या आणि सहा गुणक काढा: पडद्याचा एक्स म्हणजे कच्च्या एक्सचा काही भाग, अधिक कच्च्या वायचा काही भाग, अधिक एक स्थिरांक, वायचंही तसंच. एक्स-वायची अदलाबदल आणि उलटी दिशा हेही यातच आपोआप सुटतं. कॅलिब्रेशनच्या फुल्या अगदी काठावर ठेवू नका, वीसेक पिक्सेल आत घ्या, कारण काठाशी पॅनेलचं वाचन सरळ रेषेत राहत नाही. गुणक फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवा, प्रत्येक यंत्राचे वेगळे. एका यंत्राचे आकडे कोडमध्ये लिहून शंभर यंत्रांत भरले, तर तक्रारी येणारच.

पडदा फिरवायची सोय दिली असेल तर फिरवल्यावर स्पर्शाचंही गणित फिरतं आहे ना, हे चारही दिशांना पाहा.

ठिपका बरोबर, तरी बटण लागत नाही

इथे खरी गंमत आहे, आणि बहुतेकांचे दिवस इथेच वाया जातात.

एलव्हीजीएलमध्ये बोट दाबून धरलं आणि ते १० पिक्सेलपेक्षा जास्त सरकलं, तर ते स्क्रोल मानलं जाऊ शकतं. स्क्रोल सुरू झाला की त्या बटणाला क्लिकची घटना मिळतच नाही. १० पिक्सेल ऐकायला बरेच वाटतात. २.८ इंची पडद्यावर एक पिक्सेल ०.१८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे १० पिक्सेल मिळून १.८ मिलिमीटर. डाव्या हातानं यंत्र धरून त्याच हाताच्या अंगठ्यानं लांबचं बटण दाबताना अंगठा आधी टोकानं टेकतो आणि मग आडवा होतो. या लोळण्यातच टेकण्याचा मध्य तेवढा सरकतो. वर वाचनाचा थोडा गोंगाट मिळाला की झालं. वापरणारा म्हणतो 'दाबलं', यंत्र म्हणतं 'सरकवलं', आणि दोघंही खरं बोलत असतात.

पण स्क्रोल होण्यासाठी पडद्यावर सरकण्याजोगं काही असावं लागतं. ते कुठून येतं? बहुधा चुकून. बटणं ज्यात मांडलेली असतात त्या डब्याची (कंटेनरची) उंची २०० पिक्सेल आणि आतला मजकूर २०३ पिक्सेल, असं झालं की डबा सरकू लागतो. तीन पिक्सेल डोळ्याला दिसत नाहीत. मराठी अक्षरांच्या यंत्रांत हे जास्त होतं, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरले की ओळ इंग्रजीपेक्षा उंच होते. इंग्रजी मजकुरावर तपासलेली मांडणी मराठी घातल्यावर अशी अलगद ओसंडते. उपाय सोपा आहे: ज्या डब्याला सरकायचं नाही, त्याची सरकण्याची खूण (फ्लॅग) कोडमध्ये काढून टाका. जिथे यादी खरोखर सरकवायची आहे तिथे मर्यादा १० वरून १५-२० पिक्सेलपर्यंत वाढवा.

मराठीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. मी ज्या आवृत्त्या वापरल्या त्यांत एलव्हीजीएल देवनागरीची जुळवणी आपणहून करत नाही; ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर पडते, जोडाक्षरं सुटी होतात. बटणांवरची नावं ठरलेली असतात, म्हणून ती संगणकावर नीट उमटवून चित्र म्हणून यंत्रात भरावीत. चित्र कापताना वर-खाली चार पिक्सेल मोकळे सोडा, नाहीतर 'नोंदी'वरचा अनुस्वार उडतो. मराठी माणसाच्या हातात मोडक्या मराठीचं यंत्र देऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी लागणारे कष्ट फार नाहीत.

बटण पिक्सेलमध्ये नाही, मिलिमीटरमध्ये मोजा

२००६ साली पारही, कार्लसन आणि बेडरसन यांनी एका हातानं, अंगठ्यानं वापरायच्या छोट्या पडद्यांवर चाचण्या घेतल्या. एकेक बटण दाबायचं असेल तर ९.२ मिलिमीटर, आणि आकडे भरण्यासारखं सलग दाबायचं असेल तर ९.६ मिलिमीटर, एवढा आकार त्यांनी पुरेसा ठरवला. अँड्रॉइडनं बटणासाठी सुचवलेले किमान ४८ डीपी (पडद्याच्या पिक्सेलांवर न अवलंबणारं माप) म्हणजे कागदावर ७.६ मिलिमीटर होतात. आपल्या पडद्यावर ९ मिलिमीटर म्हणजे ५० पिक्सेल. उभ्या पडद्याची रुंदी ४३ मिलिमीटर. तीन स्तंभांचा आकड्यांचा फलक त्यात ऐसपैस बसतो, प्रत्येक बटण १४ मिलिमीटर. दहा अक्षरं एका ओळीत घेणारा कीबोर्ड मात्र उभ्या पडद्यावर ४.३ मिलिमीटरचं बटण देतो. तो अंगठ्यानं वापरता येत नाही, कितीही कॅलिब्रेशन करा. अशा यंत्रावर नाव टाईप करायला लावू नका. सभासद क्रमांक घ्या आणि नाव यंत्रानं दाखवावं.

जागा नसेल तर दिसणारं बटण लहान ठेवून स्पर्शाचं क्षेत्र वाढवता येतं. एलव्हीजीएलमध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे. पण शेजारच्या दोन बटणांची वाढवलेली क्षेत्रं एकमेकांवर चढू देऊ नका, नाहीतर तक्रार नव्या रूपात परत येईल.

दुसरी बाब डोळ्याची. माणूस बोटाचा वरचा भाग, नख, पाहून नेम धरतो आणि टेकतो तो खालचा गर. क्रिश्चियन होल्झ आणि पॅट्रिक बाउडिश यांनी २०१० च्या सुमारास दाखवून दिलं की स्पर्श चुकण्याचं बरंच श्रेय बोटाच्या जाडीपेक्षा या फरकाला जातं, आणि तो बोटाच्या कोनाप्रमाणे व माणसाप्रमाणे बदलतो. चाचणी पडद्यावर एकाच माणसाचे ठिपके सगळीकडे थोडे खाली पडत असतील तर पॅनेल बिघडलंय असं समजू नका. स्पर्शाचं क्षेत्र बटणाच्या वर कमी आणि खाली जास्त वाढवा.

'सेव्ह' आणि 'रद्द' एकमेकांना चिकटून ठेवू नका. डाव्या अंगठ्याच्या सहज कक्षेत, म्हणजे खाली डावीकडे, 'सेव्ह' असू द्या. 'रद्द' वर उजव्या कोपऱ्यात, जिथे मुद्दाम हात न्यावा लागतो. डावखुऱ्यांसाठी आणि उजव्या हातात यंत्र धरणाऱ्यांसाठी मांडणी उलटायची सोय द्या.

एकदा दाबलं, दोनदा नोंद झाली

याला लोक बाउन्स (एका दाबाचे अनेक दाब वाचले जाणं) म्हणतात आणि थांबा घालतात. बऱ्याचदा घडतं ते असं: 'सेव्ह' दाबल्यावर कोड प्रिंटरला पावती पाठवण्यात गुंततो, पडदा तसाच राहतो, माणसाला वाटतं लागलं नाही, तो पुन्हा दाबतो. दुसरा स्पर्श रांगेत उभा राहतो आणि छपाई संपताच तोही वाजतो. शेतकऱ्याच्या खात्यावर तेच दूध दोनदा चढतं, आणि संध्याकाळी हिशेब जुळत नाही तेव्हा दोष कर्मचाऱ्यावर येतो.

थांब्यानं हे सुटत नाही, कारण छपाईला किती वेळ लागेल ते ठरलेलं नसतं. बोट टेकताक्षणी बटणाचा रंग बदलला पाहिजे, ०.१ सेकंदाच्या आत बदल दिसला तर माणसाला यंत्रानं ऐकल्याची खात्री पटते. बोट उचलताच बटण निकामी करा, 'नोंद होत आहे' असं दाखवा, छपाई वेगळ्या टास्कमध्ये ढकला, आणि काम संपल्यावर रांगेतले जुने स्पर्श टाकून देऊन मगच बटण उघडा. शिवाय प्रत्येक नोंदीचा क्रमांक फॉर्म उघडतानाच पाडा, सेव्ह करताना नाही. मग स्पर्श दोनदा आला तरी तोच क्रमांक दुसऱ्यांदा नाकारला जातो.

यंत्राचा पडदा वेबपानाचा असेल तर आणखी एक जुनं कारण असतं. मोबाइल ब्राउझर दोनदा टिचकीची वाट पाहत पहिल्या स्पर्शाला सुमारे ३०० मिलिसेकंद रोखून धरत. पानाची रुंदी यंत्राच्या रुंदीइतकी जाहीर केली की क्रोमनं हा थांबा २०१४ पासून काढून टाकला आहे. जुन्या वेबव्ह्यूवर (ॲपमधल्या ब्राउझरवर) चालणाऱ्या यंत्रात तो अजून भेटतो.

दुरुस्तीनंतर

चाचणी टेबलावर यंत्र ठेवून तर्जनीनं घेऊ नका. उभं राहून, डाव्या हातात धरून, अंगठा पाण्यात बुडवून घ्या. घाईत घ्या. शक्य असेल तर केंद्रावरच्या माणसाच्या हातात द्या आणि काही न सांगता पाहत उभे राहा; तो कोणतं बटण दाबताना यंत्र हातात सरकवतो, ते टिपून ठेवा. ते बटण चुकीच्या जागी आहे.

आणि कॅलिब्रेशनच्या पडद्यावर जायचा रस्ता स्पर्शावर अवलंबून ठेवू नका. पॅनेल जुनं होतं तसं वाचन सरकतं, आणि ज्या दिवशी कॅलिब्रेशन लागतं त्या दिवशी मेनूतलं कॅलिब्रेशनचं बटण दाबता येत नाही. बाजूचं बटण दाबून धरून यंत्र चालू केलं की फुल्यांचा पडदा यावा, अशी सोय ठेवा, आणि ही कृती यंत्राच्या पाठीवरच्या चिठ्ठीत मराठीत छापा.